पहिली मीटिंग: दारापर्यंत कसे पोचलात?

दारू सोडण्यावर बोलताना गेल्या महिन्यात तिघांनी एकच विचारलं, "एएचं (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मीटिंगा) ऐकलंय, पण जायचं कसं आणि आत होतं काय?" म्हणून हा धागा. उपदेश नको, स्वतःचं सांगा. नाव-गाव नको. सुरुवात मी करतो.

शेवटची_लोकल
साल २०१६, डोंबिवली. संध्याकाळी साडेसात, शाळेचा वर्ग. फाटकासमोरून तीनदा गेलो. मग समोरच्या गाडीवर शेवपुरी खाल्ली, उभं राहायला निमित्त हवं ना! आत चौथीची बाकं, गुडघे मावेनात. फळ्यावर १७चा पाढा तसाच. एक गृहस्थ उठून म्हणाले, "मी अमुक, मी अल्कोहोलिक," आणि सगळे एका सुरात त्यांचं नाव घेऊन नमस्कार म्हणाले. मला हसू आलं. पुढे ते म्हणाले, पोरीची फी भरायला निघालो आणि सकाळी जाग आली ती कर्जत स्टेशनच्या बाकड्यावर. हसू तिथंच थांबलं. माझं कसारा होतं, एवढाच फरक.

मला कुणी काही विचारलं नाही. रजिस्टर नाही, फी नाही. शेवटी एक पिशवी फिरली, शेजारचा म्हणाला, "तुम्ही नवे आहात, राहू द्या." हे सगळं १९३५ साली अमेरिकेतल्या अक्रन गावी एक शेअरबाजारवाला आणि एक सर्जन, दोघंही दारुडे, एकमेकांशी बोलत बसले त्यातून निघालं, हे खूप नंतर कळलं. त्याच दिवशी कळतं तर 'अमेरिकन थेरं' म्हणून उठलो असतो.

मिठाचा_खडा
एक आधी सांगू द्या. मी मीटिंगला जायच्या जोशात एका झटक्यात बंद केली. रोज पाऊण बाटली होती. तिसऱ्या दिवशी फिट आली, भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या. रोज भरपूर पिणाऱ्यानं डॉक्टरला विचारल्याशिवाय एकदम थांबू नये, जिवावर बेतू शकतं. मी आधी दवाखान्यात, मग महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात, मग मीटिंग असा गेलो. कुठे जायचं ते समजत नसेल तर १४४४६ हा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे, पैसे लागत नाहीत.

पेनची_रेघ
मी पिणारी नाही, पिणाऱ्याची बायको. बाटलीवर पेनानं बारीक रेघ मारून ठेवायचे, किती उतरली ते बघायला. हे पाणी घालून रेघेपर्यंत आणायचे. मला ते माहीत होतं, मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. अकरा वर्षं आमचा संसार त्या रेघेवर चालला.

नात्यातल्या एका वहिनींनी अल-अनॉनला, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या मीटिंगला, नेलं. मी वही घेऊन गेले होते, यांना थांबवायच्या युक्त्या लिहून घ्यायला. तिथे एक आजी म्हणाल्या, "तू हे लावलं नाहीस, तुला ते बरं करता येणार नाही, तुझ्या ताब्यातही नाही." मला रागच आला. मग मी इथे आले कशाला? वही कोरीच राहिली. पण त्या रात्री मी बाटली बघितली नाही, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा दहाला झोपले. हे अजून पितात. मी दर बुधवारी जाते.

गुलाबी_छत्री
पुणे. दारात उभी राहिले तर एक काका प्रेमानं म्हणाले, "ताई, घरच्यांची मीटिंग शेजारच्या खोलीत." मी म्हटलं, "नाही काका, मीच." ते इतके ओशाळले की मलाच त्यांना पाणी द्यावं लागलं. अठरा पुरुष आणि मी. दोनदा गेले, तिसऱ्यांदा पाय उचलेना. मग बायकांची ऑनलाइन मीटिंग सापडली. कॅमेरा बंद ठेवला तरी कुणी कटकट करत नाही. तिथे पहिल्यांदा मी ते वाक्य बोलले, तेही बाथरूममध्ये नळ सोडून.

एसटी_स्टँड
आमच्या तालुक्यात ग्रुप नव्हता. जिल्ह्याला जायचं तर जाऊन-येऊन चार तास, आणि परतीची शेवटची गाडी साडेआठला. पहिल्याच दिवशी आत आमच्या तहसीलमधले भाऊसाहेब बसलेले. दोघंही गारठलो. गावात आता बोंब होणार! मग उमगलं, बोंब मारायची तर त्यांना आधी ते स्वतः तिथे काय करत होते ते सांगावं लागेल. आता आम्ही दोघांनीच गावात मीटिंग सुरू केलीय, दोन माणसं पुरतात. कधी भाऊसाहेबांना सुट्टी नसते. तेव्हा मी एकटा तासभर दार उघडं ठेवून बसतो.

नास्तिक_नंबर_२
मला जमलं नाही, तेही नोंदवा. मीटिंगमध्ये 'उच्च शक्ती'वर (देव म्हणा) भरवसा ठेवायची गोष्ट आली की माझं डोकं बंद व्हायचं. "तुमच्यासाठी हा ग्रुपच शक्ती समजा," म्हणाले, तरी प्रार्थनेच्या वेळी मी बुटाची लेस बांधत बसायचो. शेवटी समुपदेशक आणि गोळ्यांवर तीन वर्षं टिकलोय. मात्र तिथल्या एका माणसाचा नंबर अजून जपून ठेवलाय. रात्री दोनला उचलतो.

नवीन_आयडी
उद्या जायचंय. काय घेऊन जाऊ? उशीर झाला तर आत घेतात का?

शेवटची_लोकल
घेतात. काही आणू नका. पुढच्या बाकावर बसू नका, पंखा बंद आहे. चहा मिळतो, साखर फार असते.