स्प्रिंग बूट: रिक्वेस्टची बॉडी लॉगमध्ये घेतली की कंट्रोलरला रिकामी मिळते

मांजराकाठ, लातूर

मोंढ्यातील काही आडत्यांसाठी वजनाच्या नोंदींचे एक लहानसे ॲप मी सांभाळतो; त्याचा सर्व्हर स्प्रिंग बूट या जावाच्या फ्रेमवर्कवर चालतो. काट्याजवळ उभा असलेला मुनीम मोबाइलवर माल भरतो आणि ती नोंद आमच्या सर्व्हरवर येते. गेल्या आठवड्यात एका आडत्याने सोयाबीन ४२ क्विंटल भरल्याचे ठामपणे सांगितले, पण डेटाबेसमध्ये २४ होते, आणि प्रत्यक्षात काय आले होते हे दाखवायला माझ्यापाशी काहीही नव्हते. म्हणून मी एक फिल्टर (प्रत्येक रिक्वेस्ट आधी ज्यातून जाते तो कोड) लिहून त्यात रिक्वेस्टची बॉडी, म्हणजे मोबाइलने पाठवलेला मजकूर, लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) घेण्यासाठी वाचली, तर रिक्वेस्ट हाताळणारा कंट्रोलर ४०० (चुकीची रिक्वेस्ट) कोड देऊन ‘रिक्वायर्ड रिक्वेस्ट बॉडी इज मिसिंग’, म्हणजे बॉडीच आली नाही, असे सांगू लागला. बॉडी लॉगमध्येही यावी आणि कंट्रोलरलाही मिळावी, यासाठी काय करावे?

गोदातीर, नांदेड

सर्व्हलेटमधील (स्प्रिंगच्या खालच्या, जावाच्या वेब थरातील) बॉडी हा वाहता प्रवाह असतो. आपल्या फिल्टरने तो एकदा वाचला की कंट्रोलरसाठी काही उरत नाही. स्प्रिंगमधील कंटेंट-कॅशिंग-रिक्वेस्ट-रॅपर (रिक्वेस्टभोवतीचे वेष्टन) यासाठीच आहे, मात्र त्याच्या नावावरून बहुतेकांची फसगत होते: तो स्वतः होऊन काहीच वाचत नाही, पुढे कंट्रोलर जेवढे वाचेल तेवढ्याचीच प्रत ठेवतो. त्यामुळे लॉगची ओळ डू-फिल्टरच्या (रिक्वेस्ट पुढे सोडणाऱ्या कॉलच्या) आधी लिहिली तर ती रिकामी येते, नंतर लिहिली तर भरलेली येते. लॉगिनच्या टप्प्यावरच ४०१ (ओळख पटली नाही) देऊन परत पाठवलेल्या रिक्वेस्टची बॉडी कोणी वाचलेलीच नसते, तेव्हा ती नंतरही मिळणार नाही.

रिस्पॉन्ससाठीही असाच रॅपर आहे. त्यात कॉपी-बॉडी-टू-रिस्पॉन्स ही मेथड फायनली ब्लॉकमध्ये (चूक झाली तरी शेवटी चालणाऱ्या भागात) न विसरता बोलवावी, नाहीतर लॉगमध्ये सर्व काही व्यवस्थित दिसते आणि मोबाइलला मात्र २०० (यशस्वी) कोडसह कोरा रिस्पॉन्स जातो. या एका ओळीपायी माझी एक अख्खी रात्र गेली आहे.

स्प्रिंगमधील तयार कॉमन्स-रिक्वेस्ट-लॉगिंग-फिल्टरही चालेल, पण बॉडीचा पर्याय चालू केल्यावरही तो मूळ मर्यादेनुसार पहिली ५० अक्षरेच घेतो आणि रिस्पॉन्सला हात लावत नाही.

अजिंठा रस्ता

वरील उत्तर बरोबर आहे, परंतु संपूर्ण बॉडी लॉगमध्ये टाकण्यापूर्वी तीत काय काय असते ते एकदा डोळ्यांखालून घालावे. शेतकऱ्याचा बँक खाते क्रमांक, आधार आणि ऑथोरायझेशन हेडरमधील टोकन (लॉगिनची किल्ली) लॉगमध्ये गेले, तर डेटाबेसला लावलेले कुलूप व्यर्थ ठरते. मे २०१८ मध्ये गिटहब आणि ट्विटर या दोघांनाही आपल्याच अंतर्गत लॉगमध्ये वापरकर्त्यांचे उघडे पासवर्ड सापडले होते, त्यामुळे आपल्याकडून असे होणार नाही या भ्रमात राहू नये. काय लपवायचे याची यादी करण्यापेक्षा काय दाखवायचे याची यादी करावी, कारण उद्या कोणी नवे फील्ड वाढवले तर पहिल्या पद्धतीत ते आपोआप उघडे पडते. तुमच्या कामाला पावती क्रमांक, वजन, वेळ आणि एक रिक्वेस्ट क्रमांक पुरेसा आहे.

आणखी एक गोष्ट म्हणजे लॉगबॅक या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीचा असिंक-अपेंडर (नोंदी रांगेत ठेवून मागाहून लिहिणारा भाग) वापरत असाल तर जपून. त्याची रांग मूळ मांडणीत २५६ नोंदींची असते आणि तीत वीस टक्क्यांहून कमी जागा उरली की इन्फो (साधी माहिती) व त्याखालच्या पातळीच्या नोंदी तो मुकाट्याने टाकून देतो. म्हणजे आवकेच्या ऐन गर्दीत, नेमकी वादाची नोंद गायब! नोंदी कधी टाकायच्या हे ठरवणारे डिस्कार्डिंग-थ्रेशोल्ड शून्य करावे.

मांजराकाठ, लातूर

दोघांचेही मनापासून आभार. रॅपर लावले, निवडक फील्डच ठेवली आणि मोबाइलवरून येणारा रिक्वेस्ट क्रमांक प्रत्येक ओळीत घेतला. तिसऱ्याच दिवशी तसाच प्रकार पुन्हा घडला, आणि या वेळी तो लॉगमध्ये स्पष्ट दिसला: मुनिमाने आधी चुकून १३ भरले, रेंज नसल्याने ती रिक्वेस्ट मोबाइलमध्येच अडकली, त्याने दुरुस्त करून ३१ पाठवले, आणि त्यानंतर ४० सेकंदांनी ॲपने जुनी रिक्वेस्ट पुन्हा पाठवून नवी नोंद पुसून टाकली. म्हणजे मुनीमही खरा होता आणि डेटाबेसही. आता प्रत्येक पावतीला आवृत्ती क्रमांक दिला असून जुन्या आवृत्तीची रिक्वेस्ट आल्यास सर्व्हर ४०९ (विसंगती) कोड देऊन ती नाकारतो.