दुसरी बोअर घ्यायची का?

सुनील (बी-203): रविवारच्या मीटिंगमध्ये दुसऱ्या बोअरचा विषय आहे. माझ्या मते थेट 500 फुटांपर्यंत जाऊ.

देशपांडे काका (ए-402): सुनील, घाई नको. आपल्याखाली बेसॉल्ट आहे. पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या फटींत. फट लागली नाही तर 500 फुटांवरही नुसती भुकटी. लागलीच, तर ती पहिल्या बोअरचीच असण्याची शक्यता जास्त. माठ एकच, तोट्या दोन.

मेघना (बी-501): मुळात माणसं वाढली हेच कारण आहे ना? आपण नळ बारीक करून काय फरक पडणार?

वैद्य काकू (सी-104): मेघना, निम्मं बरोबर. 1951 मध्ये देशात 36 कोटी लोक होते, माणशी वर्षाला 5177 घनमीटर पाणी. 2011 मध्ये 121 कोटी, माणशी 1545. 1700 च्या खाली पाण्याचा ताण धरतात. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं, 1.7 आला. संख्या टिकायला 2.1 लागतो. तरी वाढ लगेच थांबत नाही, कारण पुढची आईबाप मंडळी आधीच जन्मलेली आहेत. आणि पुण्यात माणसं बाहेरून येतच राहणार. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांचा मिळून साठा 29 टीएमसीच (अब्ज घनफूट), त्यातूनच कालव्याने शेतीलाही जातं.

देशपांडे काका: आपलाच हिशोब बघा. गच्ची 1000 चौ. मी., पाऊस सुमारे 700 मिमी, हाती येणार 85 टक्के. म्हणजे 6 लाख लिटर. आपण 320 माणसं, माणशी 135 लिटर, रोजचे 43,200. वर्षभराचा गच्चीवरचा पाऊस 14 दिवसांत संपतो! तरी तो गटारात सोडणं मला पटत नाही.

सुनील: मग आहे त्याच बोअरला पुनर्भरण करायचं, म्हणजे गच्चीचं पाणी तिच्यात जिरवायचं?

देशपांडे काका: हो, पण नीट. पहिले एक-दोन पाऊस व्हॉल्व्हने बाहेर सोडायचे, धूळ आणि कबुतरांची घाण त्यातच असते. बोअरभोवती खड्डा, तळाला दगडगोटे, मग खडी, वर भरड वाळू. खडी आणि वाळूमध्ये नायलॉनची जाळी. खड्ड्यातल्या केसिंगला, म्हणजे बोअरच्या बाहेरच्या पाइपला, भोकं पाडून त्यावरही जाळी गुंडाळायची. ती राहिली तर वाळू आत जाऊन पंप खाते. दर मे महिन्यात वाळूचा वरचा थर खरवडून बदलायचा, नाहीतर गाळाने खड्डा तुंबतो. पार्किंगचं पाणी अजिबात नको, त्यात ऑइल असतं.

वैद्य काकू: आणि फ्लश! जुनी टाकी एका वेळी 10 लिटर ओतते. माणशी दिवसाला 5 वेळा धरले तर 50. ड्युअल फ्लशमध्ये (लहान-मोठं अशी दोन बटणं) चारदा 3 आणि एकदा 6, म्हणजे 18. 320 माणसांचे रोज 10,240 लिटर वाचतात. एक टँकर.

मेघना: काकू, आमचा ड्युअलच आहे, पण सारखा झिरपतो.

वैद्य काकू: बोअरच्या जड पाण्याने वॉशरवर क्षार बसतात. टाकीत खायचा रंग टाक, 20 मिनिटं फ्लश करू नकोस. भांड्यात रंग उतरला तर वॉशर बदल, अख्खी टाकी नको.