गेमिंग पीसीला एकच स्लॉट लागतो, बाकीच्यांचे पैसे कशाला भरायचे?

विजापूर_रोड

भाच्यासाठी गेमिंग पीसी जोडायचाय. बजेट सत्तर हजार, मॉनिटर घरचाच. नवी पेठेत कोटेशन काढायला गेलो तर जो तो मोठा एटीएक्स मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात ती पाटी) गळ्यात मारतोय. कारण विचारलं तर म्हणे, "यात लांब स्लॉट तीन आहेत, पुढंमागं दुसरं कार्ड टाकता येईल." मायक्रो-एटीएक्सपेक्षा, म्हणजे त्याच्या लहान भावापेक्षा, पाच-सहा हजार जादा.

माझं मत सरळ आहे. गेम खेळणाऱ्याला प्रोसेसरच्या सगळ्यात जवळचा तो एक लांब स्लॉट लागतो, बास. दोन ग्राफिक्स कार्डं जोडून खेळायचा जमाना कधीच संपला. एनव्हिडियाने कार्डांच्या ३००० मालिकेत जोडणीचा कनेक्टर फक्त ३०९० आणि ३०९० टीआयला ठेवला आणि २०२१ पासून एसएलआयची (दोन कार्डं जोडायची त्यांची पद्धत) नवी ड्रायव्हर प्रोफाइलं देणंच बंद केलं. एएमडीच्या तसल्याच क्रॉसफायरचं तर आता कुणी नावही काढत नाही. साउंड बोर्डावरच असतो, एसएसडी बोर्डावरच्या एम.२ खाचेत बसते, वाय-फायवाले बोर्ड मिळतात. मग त्या रिकाम्या स्लॉटांची पूजा करायची का? तेच पैसे कार्डात घातले तर एक पायरी वरचं कार्ड येतं.

उलट मत असणाऱ्यांनी जरूर लिहा, पण गेमिंगपुरतंच. एडिटिंग, सर्व्हर असले विषय नकोत.

कडक_भाकरी

दुसऱ्या कार्डाचं सोडा, ते दुकानदारांचं जुनं पाठांतर आहे. पण म्हणून बाकीचे स्लॉट बिनकामाचे, हे काही पटत नाही.

बोर्ड घरात वर्षानुवर्षं राहतो हो. २०१७ ला एएमडीचा बी३५० बोर्ड घेतलेल्यांनी पुढे बायोस (बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून त्यावरच रायझन ५००० प्रोसेसर बसवले. एवढ्या काळात बोर्डावरचं काही ना काही जातंच. आपल्याकडे वळवाचा पाऊस आला, वीज कडाडली की इंटरनेटच्या केबलवाटे लॅन पोर्ट उडतो, हे सोलापुरात कुणाला सांगायला नको. अशा वेळी बोर्ड बदलणार का? एक्स१ चा बारका स्लॉट असला तर काहीशे रुपयांचं लॅन कार्ड खोचायचं आणि कामाला लागायचं. एक्स१ अगदी पहिल्या पिढीचा धरला तरी सेकंदाला २५० एमबी जातात, गिगाबिट लॅनला १२५ लागतात. म्हणजे निम्मी जागा शिल्लकच.

वाय-फायचंही तसंच. स्वस्त बोर्डांत ते नसतं आणि यूएसबी डोंगलवर ऑनलाइन गेममध्ये पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) उड्या मारतो. एक्स१ वाय-फाय कार्ड दोन अँटेनांसकट येतं. फक्त त्यासोबतची बारकी वायर बोर्डाच्या यूएसबी हेडरला लावायला विसरू नका. ती राहिली की वाय-फाय चालतं, ब्लूटूथ चालत नाही, आणि लोक कार्डाला शिव्या घालतात.

सात_रस्ता

"तीन लांब स्लॉट" म्हणणाऱ्या दुकानदाराला विचारा, तिन्हींच्या आत पिना किती आहेत. चहा पाजून वाटेला लावेल.

पूर्व_भाग

आमच्याकडं खाली लूम (यंत्रमाग) आणि वर घर. माझं मत धागा काढणाऱ्याच्या बाजूनं, पण कारण वेगळं आहे.

इथं मे महिन्यात पारा ४३ च्या पुढं जातो. कार्डाचे पंखे खालून हवा ओढतात. त्याच्या बरोब्बर खालच्या स्लॉटात वाय-फाय नाहीतर कॅप्चर कार्ड (बाहेरच्या मशीनचं चित्र पीसीत घेणारं) लावलं की पंख्यांच्या तोंडासमोर भिंत उभी राहते. स्लॉट आहेत म्हणून भरायचे, ही हौस आपल्या गावात परवडत नाही. लावायचंच असेल तर सगळ्यात खालच्या स्लॉटात लावा.

दुसरं म्हणजे रुई. लूमच्या घरात कॅबिनेट उघडलं की रिकाम्या स्लॉटांत पांढरी रुई अशी दाबून बसलेली असते की आधी चिमट्यानं ओढायची आणि मग ब्लोअर मारायचा. ब्लोअर पहिल्यांदा मारला तर ती अजून आत जाते. स्वस्त कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याच्या पट्ट्या मुरगळून तोडायच्या असतात, एकदा तोडली की परत बसत नाही. कार्ड काढून टाकलं की तिथं भोक राहतं. त्यातून रुई, झुरळ, पाल, सगळ्यांना आत यायला रस्ता मोकळा. रिकाम्या स्लॉटला प्लास्टिकचं झाकण मिळतं, ते लावा.

लेनवाला

स्लॉट किती हे मोजून दोघंही भांडताय. मोजायच्या असतात लेन, म्हणजे स्लॉटमधून डेटा ये-जा करायच्या वाटा.

एक्स१६ म्हणजे १६ लेन. एका लेनमधून पीसीआय एक्सप्रेस, म्हणजे या स्लॉटांच्या जोडणीच्या, ३.० पिढीमध्ये सेकंदाला साधारण १ जीबी जातो, ४.० मध्ये २ आणि ५.० मध्ये ४. या लेन येतात प्रोसेसरमधून. एएम४ सॉकेटच्या रायझनला एकूण २४: कार्डाला १६, एका एम.२ ला ४, चिपसेटला (बोर्डावरची बाकीची जोडणी सांभाळणारी चिप) ४. बोर्डावरचे बाकीचे बहुतेक स्लॉट, सॅटा (डिस्कची जोडणी), लॅन, बरेचसे यूएसबी हे सगळं चिपसेटमागच्या त्या चार लेनवर जगतं. नळजोडणी घरोघरी आहे, पाणी कुठल्या दिवशी आणि किती येणार हे वेगळं. सोलापूरकरांना यापेक्षा जास्त समजवायची गरज नाही.

म्हणून बी४५० बोर्डावरचा दुसरा लांब स्लॉट दिसायला एक्स१६, पण आत एक्स४ आणि तोही २.०. म्हणजे सगळे मिळून २ जीबी. त्यात गेमिंग कार्ड लावायचं म्हणजे कार्डाचे हातपाय बांधणं. कार्डाच्या १६ लेन आठ-आठ अशा वाटून देणारे बोर्ड असतात, पण ते महागाचे, आणि गेमरला त्याचा उपयोग नाही.

आता भाच्याचं बघू. कार्ड लगेच घेताय की "आता बिनकार्डाचं, दिवाळीला कार्ड" असा बेत आहे? कारण ७० हजारांत बरेच जण दुसरा रस्ता धरतात आणि तिथंच फसतात. आतलाच ग्राफिक्स असलेला रायझन ५ ५६००जी घेतला तर बोर्ड बी५५० चा असला तरी कार्डाचा स्लॉट ३.० वरच चालतो, कारण तो प्रोसेसरच ३.० चा आहे. नुसत्या ५५०० चंही तेच. साधा ५६०० घेतला तर ४.०. एएम५ वर ८६००जी कार्डाला आठच लेन देतो. आणि ८५००जी? फक्त चार. बोर्डावर लोखंडी पट्टी मढवलेला झकपक एक्स१६ स्लॉट असतो, आणि प्रोसेसर त्यात चार लेन सोडतो. हे दुकानाच्या कोटेशनवर लिहिलेलं पाहिलंय कुणी?

विजापूर_रोड

लेनवाले, माहिती चांगली आहे, पण घाबरवताय जरा जास्तच. ४०६० कार्ड मुळातच एक्स८ आहे. ते ३.० च्या बोर्डावर लावलं तर १०८०पी मध्ये बहुतेक गेममध्ये दोन-चार फ्रेम इकडंतिकडं. डोळ्याला दिसणारसुद्धा नाही. एवढ्यासाठी प्रोसेसर बदलायला सांगणं म्हणजे अतिच झालं. आणि ५.० स्लॉटचे जादा पैसे तर शुद्ध लूट. त्यात ४.० चं कार्ड लावलं तर ते ४.० नेच चालणार.

लेनवाला

५.० च्या बाबतीत शंभर टक्के सहमत. ४०६० च्या बाबतीत अर्धा.

गेमचं सामान कार्डाच्या ८ जीबीत मावतं तोवर स्लॉटचा वेग फारसा कामाला येत नाही, कारण कार्ड आपल्याच मेमरीतून वाचतं. टेक्स्चर अल्ट्रावर ठेवली, रे ट्रेसिंग चालू केलं आणि ८ जीबी भरले, की उरलेलं सामान बोर्डावरच्या रॅममध्ये जातं आणि हव्या त्या क्षणी स्लॉटमधून ये-जा करतं. तेव्हा लेनची रुंदी दिसते. सरासरी फ्रेम ठीकच दिसतात, पण गाडी वळवली की झटका, दार उघडलं की झटका.

याचं सगळ्यात वाईट उदाहरण २०२२ मध्ये आलेलं आरएक्स ६५०० एक्सटी. मेमरी ४ जीबी, लेन चारच. ४.० बोर्डावर ते कसंबसं चालायचं, आणि ३.० वर लावलं की त्याच गेममध्ये जीव जायचा. गंमत अशी की स्वस्त म्हणून ते कार्ड घेणारे बहुतेक जण जुन्या ३.० बोर्डाचेच मालक. सेकंडहँडमध्ये दिसलं तर आधी आपला बोर्ड आणि प्रोसेसर बघा.

जुळे_सोलापूर

मधे बोलतो, माफ करा. आमच्या पोराच्या पीसीत जोडणाऱ्यानं कार्ड खालच्या लांब स्लॉटात लावलंय. बी४५० बोर्ड, १६६० सुपर कार्ड. म्हणाला, "वर प्रोसेसरचा कूलर मोठा आहे, खाली हवा लागते." चालतंय की. बदलायला पाहिजे का?

लेनवाला

काका, जीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर उतरवून घ्या. त्यात बस इंटरफेस अशी ओळ आहे, तिच्या शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून टेस्ट चालू करा आणि मगच आकडा वाचा. कार्ड निवांत असताना वीज वाचवायला स्वतःहून खालच्या वेगावर येतं, त्यामुळं टेस्ट न लावता बघितलं तर १.१ दिसतं आणि माणूस उगाच घाबरतो.

तसंही मोबाइलची बॅटरी लावून रिकाम्या लांब स्लॉटात डोकावून बघा. सोनेरी पिना टोकापर्यंत गेल्यात की सुरुवातीलाच संपून पुढं नुसतं काळं प्लास्टिक आहे, हे लगेच दिसतं.

जुळे_सोलापूर

बघितलं. एक्स१६ ३.० आणि पुढं @ एक्स४ २.० असं येतंय. टेस्ट चालू असतानाच.

लेनवाला

मग वरच्या स्लॉटात घ्या. पीसी बंद, मागचं बटण बंद, वायर काढा. कार्डाच्या पॉवरची पिन काढा, मागचे स्क्रू काढा, आणि स्लॉटच्या टोकाची खिटी दाबल्याशिवाय कार्ड अजिबात ओढू नका. ती कार्डाखाली लपते, बोट जात नाही. पोराची प्लास्टिकची पट्टी घ्या आणि तिनं दाबा, स्क्रू-ड्रायव्हर घालू नका. निसटला तर बोर्डावर ओरखडा. वर बसवताना खिटीचा टक् आवाज आला पाहिजे. आणि पॉवरची पिन परत लावा. स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॉट देतो, १६६० सुपरला १२५ लागतात.

विजापूर_रोड

बघा, माझाच मुद्दा सिद्ध झाला. दुसरा लांब स्लॉट नसता तर जोडणाऱ्याला चुकायला जागाच नव्हती.

कडक_भाकरी

अहो, मायक्रो-एटीएक्स बोर्डांवरही दुसरा लांब स्लॉट बऱ्याचदा असतो. जोडणारा तसला असेल तर तिथंही चुकेल. त्यात स्लॉटचा काय दोष?

आणि तुमच्या "एसएसडी एम.२ खाचेत बसते" या वाक्यालाही एक पुरवणी. काही बोर्डांत दुसऱ्या एम.२ ला एसएसडी बसवली की सॅटाची दोन पोर्टं नाहीतर खालचा स्लॉट बंद पडतो. हे बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, बोर्ड घ्यायच्या आधी कंपनीच्या साइटवरून पीडीएफ उतरवून वाचा. आजचे गेम शंभर-शंभर जीबी खातात, दुसरी एसएसडी लागणार म्हणजे लागणार.

हैदराबाद_फेरी

नवी पेठेत भाव पटत नसेल तर सिकंदराबादला जाऊन या, आमच्यातले बरेच जण पाहुण्यांकडं जाता-येता तिथनंच सामान आणतात. फक्त वॉरंटीचं आधी विचारून घ्या. बोर्ड बिघडला तर परत तिथं कोण जाणार?

सात_रस्ता

स्ट्रीमिंग करायचं म्हणून कॅप्चर कार्डासाठी स्लॉट पाहिजे म्हणणारे अजून कसे आले नाहीत बे?

कडक_भाकरी

कारण एकाच पीसीवर खेळून स्ट्रीम करायला ते लागतच नाही. एनव्हिडिया कार्डातला एन्कोडर (व्हिडिओ तयार करणारा भाग) ते काम करतो. प्लेस्टेशन नाहीतर दुसरा पीसी जोडायचा असेल तरच कॅप्चर कार्ड, आणि ते यूएसबीचंही मिळतं. मी खोटा मुद्दा मांडणार नाही. माझं म्हणणं कमीत कमी एक एक्स१ हाताशी असू द्या एवढंच आहे, आणि तो कार्डाखाली दबलेला नको. आजची कार्डं अडीच-अडीच स्लॉट जाडीची. पहिल्या लांब स्लॉटला लागूनच एक्स१ असेल तर कार्ड बसलं की तो झाकला गेला. बोर्डाचा फोटो बघून त्याची जागा तपासा.

विजापूर_रोड

ठीक. मी १२४०० प्रोसेसर आणि बी७६० चिपसेटचा मायक्रो बोर्ड बघतोय. इंटेलच्या या प्रोसेसरमधून कार्डाला १६ लेन पूर्ण मिळतात, ४.० तर मिळतोच. अगदी एच६१० च्या स्वस्त बोर्डावरही स्लॉट ४.० चा असतो, पण तिथं एम.२ मध्ये ३.० वर भागवावं लागतं, म्हणून एक पायरी वर. एक्स१ खाली मोकळा असलेला बोर्ड त्याच भावात मिळाला तर घेतो, भाकरीवाल्यांचा मान म्हणून. पण एटीएक्सचे पाच हजार देणार नाही ते नाहीच.

कडक_भाकरी

एटीएक्स घ्याच असं मी म्हणालो कुठं? पण लॅन पोर्ट जळाला की इथंच येऊन सांगा.

लेनवाला

१२४०० की १२४००एफ, ते बिल करायच्या आधी बघा. कोटेशनमध्ये बऱ्याचदा एफ घुसडतात, कारण तो स्वस्त. कार्ड दिवाळीला घेणार असाल तर एफमध्ये आतला ग्राफिक्स नाही, तोवर मॉनिटरवर काहीच दिसणार नाही.