मदत हवी आहे: पाळकांसाठी (चर्चच्या धर्मगुरूंसाठी) नियमित प्रार्थनागट कसा सुरू करावा?

प्रभूमध्ये सर्वांना सलाम. आमची मंडळी (चर्च) अहिल्यानगर जिल्ह्यातील आहे. या भागात 1831 पासून अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचे काम सुरू झाले आणि आजही येथे अनेक ठिकाणी एकाच पाळकसाहेबांवर तालुक्याच्या गावाबरोबर आसपासच्या खेड्यांतील उपासना, आजाऱ्यांच्या भेटी, लग्ने आणि अंत्यविधी यांची जबाबदारी असते. सर्वांच्या दुःखात धावून जाणाऱ्या या माणसाच्या घरी मात्र कोण विचारपूस करते, हा प्रश्न मला फार अस्वस्थ करतो.

बायबलमधील इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात खुद्द प्रेषित पौल, आपल्याला धैर्याने बोलता यावे म्हणून, मंडळीकडे प्रार्थना मागतो. रफीदीम येथे लढाई चालू असताना, मोशेचे हात वर असेपर्यंतच इस्राएलाची सरशी होत होती, म्हणून अहरोन आणि हूर यांनी मोशेचे थकलेले हात सूर्यास्तापर्यंत वर धरून ठेवले होते, आणि मला वाटते की आपली सेवा नेमकी तशीच असावी.

आम्ही काही जण दर शनिवारी संध्याकाळी, रविवारच्या संदेशाच्या (प्रवचनाच्या) आधी, पाळकसाहेब, पाळकबाई आणि त्यांची मुले यांच्यासाठी प्रार्थना करू इच्छितो. परंतु त्यांच्या खाजगी अडचणी चर्चेचा विषय होऊ नयेत, याची काळजी कशी घ्यावी? प्रार्थनेचे विषय त्यांनाच विचारावेत का? बदली होऊन नव्याने आलेल्या कुटुंबाला मुलांच्या शाळाप्रवेशात मदत, अधूनमधून जेवणाचे आमंत्रण किंवा संदेशाबद्दल मनापासून लिहिलेले चार शब्द, यांपैकी कशाने त्यांना खरा आधार वाटतो? ज्यांच्या मंडळीत असा गट चालतो त्यांनी, आणि विशेषतः पाळकांच्या कुटुंबीयांनी, कृपया सविस्तर लिहावे.