मदत हवी आहे: कच्च्या तेलाचे विघटन सहा आठवड्यांनी थांबले

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी 5 किलो मातीत वजनाच्या 2% कच्चे तेल मिसळले आहे. तेल खाणारे जिवाणू बाहेरून घातले नाहीत; 1989 मध्ये एक्झॉन व्हाल्डीझ जहाजातून झालेल्या तेलगळतीनंतर अलास्काच्या किनाऱ्यावर खत टाकून तिथल्याच जिवाणूंना बळ दिले होते, तीच वाट धरली. युरिया आणि डीएपीने कार्बन, नत्र, स्फुरद 100:10:1 ठेवले. ओल टिकवतो, दर दोन दिवसांनी माती उलथतो, सामू 7.2 आहे. निर्जंतुक केलेली माती तुलनेला आहेच.

सुरुवातीला तेल छान घटले, आता तीन आठवडे आकडा हललेला नाही. खाली चिकट काळा थर उरलाय. हेक्झेन या द्रावकाने तेल काढून वजन करतो; जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफ, तेलातले घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) उपलब्ध नाही.

उरले आहे ते जिवाणूंना न पचणारे रेझिन-अस्फाल्टिन (तेलातले सर्वांत जड घटक), की नत्र संपले, हे एवढ्या साधनांत कसे ओळखू?