बॅकअप परत उभा करून बघितला का?

वेबसाइट सांभाळणाऱ्यांना रोजचा बॅकअप लावायला शिकवलं की डेटा सुरक्षित, असं म्हटलं जातं; हे मत मला अर्धवट वाटतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये (प्रोग्रामरांचा कोड साठवणारी सेवा) चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला गेला, तेव्हा लक्षात आलं की रोजचा डम्प, म्हणजे डेटाबेसची पूर्ण प्रत, तयारच होत नव्हता. डेटाबेस पोस्टग्रेस या सॉफ्टवेअरच्या ९.६ आवृत्तीचा, डम्प घेणारं साधन ९.२ चं, त्यामुळे ते अपयशी ठरत होतं! अपयश कळवणाऱ्या ईमेलही वाटेतच नाकारल्या जात होत्या. एका इंजिनिअरने दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी घेतलेला स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची प्रत) होता, त्यावर निभावलं.

म्हणून प्रशिक्षणात प्रत्येकाला रिकामा सर्व्हर आणि बॅकअपची फाइल द्यावी, साइट उभी करायला सांगावी आणि लागलेला वेळ लिहून ठेवायला लावावा. पासवर्ड, साइटची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटच्या गुप्त किल्ल्या बॅकअपमध्ये नाहीत, हे बहुतेकांना तिथेच कळतं.