राजकारणावर लिहिता? वर्ष भरलं की आपलंच जुनं वाचता का?

येत्या ६ जानेवारीला आमच्या वाडीतल्या फळ्याला १० वर्षं होतील. एसटीच्या शेडमधला साधा फळा. दर रविवारी सकाळी राजकारणावरचं माझं मत त्यावर लिहितो आणि खाली सही करतो. तारीख मुद्दाम निवडली होती. १८३२ साली याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं, आणि त्यांचं पोंभुर्ले आमच्याच देवगड तालुक्यातलं.

पहिल्याच महिन्यात २६ जानेवारीच्या ग्रामसभेवर लिहिलं होतं. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतलं जे कमी ते लागतं. तेवढीही आली नाहीत, सभा तहकूब झाली. तहकूब सभेला ती अट नसते, त्यामुळे पुढच्या वेळी मूठभर लोकांत ठराव झाले. मी लिहिलं, 'लोकांनाच गावाची पडलेली नाही.' फळा पुसण्याआधी सगळं वहीत उतरवतो, म्हणून ते वाक्य अजून आहे. वाचलं की वाईट वाटतं. कलमांना मोहोर आलेला, फवारणी ऐन भरात. बाग सोडून माणूस सभेला येणार कसा, हे मी एकालाही विचारलं नव्हतं. यंदा ते वाक्य पुन्हा फळ्यावर लिहून खाली चूक कबूल करणार आहे.

वही, पत्रक, भिंत, कुठेही स्वतःच्या नावानं लिहीत असाल तर सांगा, वर्षपूर्तीला काय करता?

गुहागरहून
लिहायचे माझे बाबा. दाभोळच्या एन्रॉन वीजप्रकल्पाचा वीजखरेदी करार १९९३ चा, तेव्हापासूनची वही आहे. ऑगस्ट १९९५ मध्ये राज्य सरकारनं करार रद्द केला, त्या पानावर मोठ्या अक्षरांत एकच शब्द आहे: 'जिंकलो'. पुढे वाटाघाटी होऊन प्रकल्प परत आला. बाबांनी तो शब्द खोडला नाही. त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं, 'घाई केली.' २००१ मध्ये वीजनिर्मिती थांबली, तेव्हा मात्र फक्त तारीख. वही सुरू झाली त्या दिवशी आई दरवर्षी घावणे करायची आणि बाबा आम्हाला ती पानं वाचून दाखवायचे. आता मी माझ्या मुलांना वाचून दाखवते.

मालवणहून
आमचं एकपानी पत्रक, रापणवाल्यांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरणाऱ्यांच्या, बाजूचं. वर्षपूर्ती नारळी पौर्णिमेला. फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर, म्हणजे माशांचा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यांच्या मासेमारीवर, निर्बंध आले तेव्हा मी लागोपाठ तीन अंक तेच लिहिलं. धक्क्यावर पर्ससीनच्या बोटीवरचा एक खलाशी म्हणाला, "आमचा म्हणणा कधी लिवतलस?" त्या वर्षीच्या वर्षपूर्तीच्या अंकात अर्धं पान त्याला दिलं. आमच्यातले काहीजण अजून रागावलेत. मला ते बरोबरच वाटतं.

चिपळूणहून
माझ्या वह्या २२ जुलै २०२१ च्या पुरात गेल्या. आठवून पुन्हा लिहायला बसले, तर प्रत्येक निवडणुकीत माझाच अंदाज खरा ठरलेला! एका मैत्रिणीकडे जुनी काही पानं निघाली. त्यांत तसं नव्हतं. तेव्हापासून प्रत तिच्याकडे ठेवते.

राजापूरहून
भाऊ पंचायतीला उभा होता त्या वर्षी मी एक ओळही लिहिली नाही. वहीत ते दोन महिने कोरे आहेत. त्याला अजून सांगितलेलं नाही की गप्प का बसलो. फळेवाले दादा, सहा तारखेला येतोय. आधी पोंभुर्ल्याला जाऊ, मग तुमच्या शेडमध्ये. देवगडहून सकाळची एसटी किती वाजता?